आठाची गोळी आणि वरचा आकडा

माझ्या दवाखान्यात टेबलाच्या खालच्या खणात एक शंभर पानी वही आहे. कव्हरावर निळ्या शाईत ‘बी. पी.’ एवढंच लिहिलेलं आणि त्याखाली नातवाने चिकटवलेला ट्रॅक्टरचा स्टिकर. वही तात्यांची. तात्या एसटीचे निवृत्त वाहक. तीस वर्षं वेबिल भरण्यात गेली, त्यामुळे रकाने आखल्याशिवाय त्यांच्या हातून आकडा उतरत नाही. तारीख, सकाळचं बीपी, सकाळची गोळी, रात्रीचं बीपी, रात्रीची गोळी आणि शेवटी ‘शेरा’. शेऱ्यात काय वाटेल ते सापडतं : ‘पाव्हणे आले’, ‘भजी दोन’, ‘झोप नाही, कुत्री’. पहिल्या पानावरचा पहिला आकडा १४८/९४ आहे. पान संपेपर्यंत तो १६२/१०० झालेला आहे.

असे आकडे कुठल्याही फिजिशियनला नवे नाहीत. साताऱ्यात मी ते दिवसाला दहा-बारा बघतो. पण तात्यांचं हृदय फुगून ढिलं पडलं होतं तेव्हा दोन वर्षं मीच त्यांना तपासत होतो, आणि त्या दोन वर्षांत त्यांच्या वरच्या बीपीने शंभरी गाठलेली मी पाहिली नव्हती. ८८, ९०, फार तर ९४. दवाखान्याच्या बारा पायऱ्या चढताना तीनदा थांबणारा माणूस. मग मुंबईत त्यांच्या छातीत दुसऱ्या कुणाचं तरी हृदय बसलं. काही आठवड्यांनी ते त्याच पायऱ्या एका दमात चढून आले, मी दंडाला पट्टा बांधला, आणि पारा १६०च्या खाली उतरेना.

“डॉक्टर, पोरसवदा हृदय बसवलंय म्हणून जास्तीचा जोर लागतोय का?” तात्यांनी विचारलं. वहिनी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, शेजारीच उभ्या होत्या. त्या खाली बघत म्हणाल्या, “मीठ कमीच घालते हो मी. तुम्ही सांगितल्यापासून पापड घरात आणलेला नाही.”

एकाने दोष नव्या हृदयाला दिला, दुसरीने स्वतःच्या हाताला. दोघांचाही संशय चुकीच्या जागी होता. बीपी वाढवत होती ती सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता न चुकता घ्यायची छोटी कॅप्सूल. त्याच कॅप्सूलमुळे ते परकं हृदय छातीत टिकून होतं, त्यामुळे ती बंद करायची सोय नव्हती. हे पुस्तक या पेचाबद्दल आहे.

लेखिकेने बरीच वर्षं प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम केलं आहे. ब्रेनडेड रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलण्यापासून हृदयाचा डबा रुग्णवाहिकेत चढवण्यापर्यंत आणि पुढे घरी गेलेल्या रुग्णाच्या रात्री-बेरात्री येणाऱ्या फोनपर्यंत सगळं त्यांनी केलं. प्रस्तावना एखाद्या नावाजलेल्या सर्जनऐवजी माझ्याकडे का मागता, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ऑपरेशन मुंबईत होतं, चेन्नईत होतं. बीपी मात्र कराडला, वाईला, फलटणला वाढतं. माझ्याकडे मागण्यामागे आणखी एक कारण असावं अशी मला शंका आहे. ते पुढे येईलच.

हृदय बदलता येतं हे जगाला कळलं ३ डिसेंबर १९६७ रोजी. केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं. ते चाललं. अठरा दिवसांनी रुग्ण न्यूमोनियाने गेला. तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८मध्ये, आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. जगातल्या अगदी पहिल्या काही शस्त्रक्रियांमध्ये ती मोडते, आणि आपल्याकडे तिची आठवण फार कमी लोक काढतात याचं मला नेहमी वाईट वाटतं. रुग्ण काही तासच जगला. त्या एका वर्षात जगभर शंभरावर हृदयं बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण वर्ष पुरं करू शकले नाहीत. मग एकेका रुग्णालयाने हात आखडता घेतला. स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे आणि आणखी थोडे हट्टी लोक तेवढे चिकटून राहिले.

टाके घालण्याचं काम तेव्हाच जमलं होतं. अडत होतं ते पुढे. शरीर परकं हृदय ओळखत होतं आणि त्यावर तुटून पडत होतं. त्याला आवरायला हाताशी होतं अॅझाथायोप्रिन आणि भरपूर स्टेरॉइड. ही औषधं सगळीच प्रतिकारशक्ती झोपवून टाकत. हृदय वाचावं तर एखादा फालतू जंतू माणसाला नेत असे.

या कोंडीतून वाट निघाली ती मातीतून, अगदी शब्दशः. बाझलच्या सँडोझ या औषध कंपनीत एक प्रघात होता : सुट्टीवर जाणाऱ्याने सोबत लहान पिशव्या न्यायच्या आणि फिरायला जाईल तिथली चिमूटभर माती भरून आणायची. मातीतल्या बुरशीतून एखादं नवं अँटिबायोटिक हाती लागेल ही आशा. १९६९मध्ये हान्स पीटर फ्राय यांनी नॉर्वेच्या हार्दांगरविद्दा पठारावरून अशी माती आणली. तिच्यात टोलिपोक्लेडियम इन्फ्लॅटम नावाची बुरशी निघाली. अँटिबायोटिक म्हणून तिचा अर्क अगदीच सुमार होता. पण १९७२च्या चाचण्यांत दिसलं की तो प्रतिकारशक्तीचा एक नेमका भाग गप्प करतो आणि बाकीचं फारसं बिघडवत नाही. हेच सायक्लोस्पोरिन. ज्यां-फ्रांस्वा बोरेल यांचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं. त्यांचे वरिष्ठ हार्टमान स्टेहेलिन यांचा वाटा किती, यावर पुढे बरीच वादावादी झाली. १९७८मध्ये केंब्रिजला रॉय कॅल्न यांनी ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिलं, डिसेंबर १९८०पासून स्टॅनफर्डने हृदय बदललेल्यांना द्यायला सुरुवात केली आणि १९८३मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बंद पडत चाललेली हृदयप्रत्यारोपणं पुन्हा सुरू झाली ती इथून.

तात्यांची कॅप्सूल मात्र याच्या धाकट्या भावाची, टॅक्रोलिमसची. तोही मातीतलाच, जपानमधल्या त्सुकुबाच्या. १९८४मध्ये तिथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून तो मिळाला. नावातलं पहिलं अक्षर त्सुकुबावरून घेतलेलं. पिट्सबर्गच्या थॉमस स्टार्झल यांनी १९८९मध्ये तो प्रथम रुग्णांना दिला. तिसरी माती पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावरची. तिच्यातून आलेल्या सिरोलिमसची कहाणी आपल्या माणसाची आहे. सुरेंद्रनाथ सहगल यांनी माँट्रियलमध्ये ते वेगळं काढलं. कंपनीने तिथली प्रयोगशाळा बंद करून काम गुंडाळलं तेव्हा नमुने घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले, आणि काही वर्षांनी नव्या मालकांना पटवून काम परत सुरू केलं. ही गोष्ट मी वहिनींना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या फ्रीजात मेथीसुद्धा आठवडाभर टिकत नाही.” सिरोलिमसचा उल्लेख इथे अशासाठी की ते बीपी तितकंसं वाढवत नाही. त्याची दुखणी वेगळी : जखम लवकर भरत नाही, कोलेस्टेरॉल चढतं. लेखिकेने त्यावर एक लहानसं प्रकरण लिहिलं आहे.

सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस यांची रासायनिक घडण एकमेकांशी अजिबात जुळत नाही. तरी दोघांचं काम आणि दोघांचे उपद्रव सारखेच का, याचा उलगडा १९९१मध्ये हार्वर्डला स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेत झाला. दोघंही आपापल्या साथीदाराला धरून एकाच प्रथिनाला जाऊन चिकटतात. त्याचं नाव कॅल्सिन्युरिन. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीला परकं काही दिसलं की तिच्या आत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन जागं होतं आणि ‘माणसं गोळा करा’ असा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. गोळी हा निरोप वाटेतच अडवते. हृदय वाचतं.

आता कॅल्सिन्युरिन जर फक्त टी-पेशीत असतं तर हे पुस्तक लिहावं लागलं नसतं. ते मूत्रपिंडात आहे, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आहे, मज्जातंतूंत आहे. गोळीला पत्ता कळत नाही. ती सगळीकडे जाते आणि सगळीकडे त्याला गप्प करते.

याचं पहिलं बिल मूत्रपिंडांच्या नावे आलं. कॅल्न यांच्या सुरुवातीच्या रुग्णांतच ते दिसलं होतं. १९८४मध्ये स्टॅनफर्डच्या ब्रायन मायर्स आणि सहकाऱ्यांनी हृदय बदललेल्यांची मूत्रपिंडं तपासली. वर्षभर किंवा अधिक काळ सायक्लोस्पोरिन घेतलेल्यांची रक्त गाळण्याची क्षमता जुन्या औषधांवर असलेल्यांच्या जवळजवळ निम्मी भरली. दुसरं बिल बीपीचं. जुन्या औषधांच्या काळात हृदय बदललेल्यांपैकी पाचातल्या एखाद्याचं बीपी वाढायचं. नव्या औषधांनी तो हिशेब उलटा केला. आंतरराष्ट्रीय नोंदींमध्ये पहिल्या वर्षाअखेर दहापैकी सुमारे सात जणांना आणि पाच वर्षांत दहापैकी नऊ जणांना उच्च रक्तदाब असल्याचं वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. टॅक्रोलिमसवर हे प्रमाण सायक्लोस्पोरिनपेक्षा थोडं कमी असतं, पण थोडंच. आपल्याकडे अजून ‘टेन्शन घेतो म्हणून बीपी वाढतं’ हेच चालतं. तात्यांच्या मेहुण्याने तर त्यांना बातम्या बघू नका म्हणून सांगितलं होतं.

वाढतं कसं, हे लेखिकेने सोपं करून सांगितलं आहे. मी माझ्या पद्धतीने सांगतो, कारण ही वाट माहीत असली तर औषधाची निवड समजते.

मूत्रपिंडाच्या प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक केसाहून बारीक धमनी असते. गोळी ती आवळते. वाहिन्या आकसवणारं एंडोथेलिन वाढतं, त्यांना सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड घटतं. नळाला बारीक धार आली की आपण म्हणतो टाकीत पाणी नाही. मूत्रपिंडाचाही तोच समज होतो. शरीरात पाणी भरपूर असताना ते कमी आहे असं समजून मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं.

मीठ धरण्याची आणखी एक, अगदी थेट वाट २०११मध्ये सापडली. रॉटरडॅमचे एवाउट होर्न आणि अमेरिकेत ओरेगनचे डेव्हिड एलिसन यांच्या गटाने उंदरांना टॅक्रोलिमस दिलं. मूत्रपिंडाच्या नळीत मीठ परत आत खेचणारा एक पंप असतो, तो जास्तच जोरात चालू लागला आणि उंदरांचं बीपी चढलं. ज्या उंदरांत जन्मतःच हा पंप नव्हता, त्यांचं चढलं नाही. गंमत अशी की हाच पंप बंद करणारं औषध डॉक्टरांकडे १९५०च्या दशकापासून आहे : थायझाइड, लघवीची साधी, स्वस्त गोळी. म्हणून वहिनींच्या मिठाबद्दल मी पुढे असं सांगू लागलो : बीपी तुमच्या मिठाने सुरू झालं नाही, पण हे औषध चालू असताना शरीर मीठ सोडत नाही, तेव्हा हात आखडताच ठेवा. पहिलं वाक्य ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा आला, तो बघून मला वाटलं की दुसरं वाक्य त्यांनी ऐकलंच नसावं.

तिसरी वाट मज्जातंतूंची. १९९०मध्ये उर्स शेरर, रोनाल्ड व्हिक्टर आणि सहकाऱ्यांनी हृदय बदललेल्या रुग्णांच्या पायाच्या नसेत केसासारखी सुई घालून रक्तवाहिन्या आवळायला सांगणारे संदेश मोजले. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांमध्ये या संदेशांचा मारा न घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होता. ज्यांचं हृदय स्वतःचंच होतं पण दुसऱ्या आजारासाठी हेच औषध चालू होतं, त्यांच्यातही तो वाढलेला होता, मात्र इतका नाही. म्हणजे औषध कारण आहेच. हृदय बदललेल्या माणसात त्याला आणखी काहीतरी साथ देतं.

ती साथ म्हणजे तुटलेल्या तारा. हृदय काढून दुसरं बसवताना धमन्या आणि शिरा शिवल्या जातात. मज्जातंतू शिवता येत नाहीत. नवं हृदय स्वतःच्या तालावर चालतं आणि बसल्या जागी नाडी ९०-१००च्या घरात असते. आपण दचकलो की छातीत धस्स होतं. तात्यांचं तसं होत नाही, मिनिटा-दोन मिनिटांनी रक्तातलं अॅड्रेनलिन पोचल्यावर धडधड वाढते. हृदयाच्या कप्प्यांत ‘भरलं, आता पुरे’ असं मेंदूला कळवणारे जे संवेदक असतात, त्यांच्याही तारा गेलेल्या असतात. निरोप गेला नाही की मेंदू मूत्रपिंडाला मीठ सोड म्हणून सांगत नाही. त्यातून एक विचित्र गोष्ट घडते. तुमचं-माझं बीपी झोपेत दहा-वीस टक्के उतरतं. यांचं अनेकदा उतरतच नाही, काहींचं रात्री उलट चढतं. दिवसा दवाखान्यात १३०च्या आत सापडलेला माणूस रात्रभर १५०वर झोपलेला असू शकतो. चोवीस तासांचं यंत्र बांधल्याशिवाय हे कळत नाही. तात्यांना ते बांधलं तेव्हा दर अर्ध्या तासाला घुर्रकन फुगणाऱ्या पट्ट्याने दोघांचीही झोप गेली. सकाळी वहीत शेरा होता : ‘यंत्र घोरते.’

प्रस्तावना माझ्याकडेच का मागितली, याबद्दलच्या माझ्या शंकेकडे आता येतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या भेटीत तात्यांची नाडी १०४ होती आणि बीपी १६२/१००. मला एका दगडात दोन पक्षी दिसले आणि मी डिल्टिआझेम लिहिलं. नाडी उतरवतं, बीपीही उतरवतं. दहा दिवसांनी तात्या वही घेऊन आले. १५०, १४६, १४०, १३८. मी खूश. वहिनी म्हणाल्या, “बीपीचं बरं आहे, पण यांचा चहा बशीत सांडतोय.” मी वही पुन्हा पाहिली. आकडे मी वाचले होते, अक्षर वाचलं नव्हतं. पहिल्या पानावरची वाहकाची ठसठशीत वळणं आठव्या दिवशी थरथरायला लागली होती. तारखेतला ९ कुठला आणि १ कुठला, कळत नव्हतं. शेवटच्या ओळीत शेरा होता : ‘पेन धरवत नाही.’

टॅक्रोलिमस यकृतात आणि आतड्याच्या भिंतीत ज्या एन्झाइमने मोडतं, त्याच एन्झाइमला डिल्टिआझेम अडकवून ठेवतं. गोळी तेवढीच, पण रक्तात तिचं प्रमाण वाढत जातं. रक्त पाठवलं तर लेव्हल हवी त्याच्या दुपटीच्या वर आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.२चं १.९. मुंबईला फोन लावला. पलीकडे समन्वयक बाई होत्या. त्यांनी बाकी काही न विचारता पहिला प्रश्न केला, “बीपीला काय दिलंत?” मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. त्या बाई म्हणजेच या पुस्तकाच्या लेखिका. प्रस्तावना मागताना त्यांना तो फोन आठवला नसेल यावर माझा विश्वास नाही.

यातली मौज अशी की काही केंद्रांत डिल्टिआझेम मुद्दाम देतात. ते दिल्यावर महागडी गोळी कमी लागते, खर्च वाचतो. पण ते देताना गोळीचा डोस आधी कमी करतात आणि लेव्हल पुन्हापुन्हा तपासतात. मी काहीच केलं नव्हतं. तात्या चार दिवसांत सावरले, क्रिएटिनिन जागेवर यायला महिना लागला. ते वहीत आहेच, आणि वही माझ्या खणात आहे ती याचसाठी.

बीपीच्या बाकी औषधांचं थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात ते सविस्तर आहे. अॅम्लोडिपिनचा वापर सर्वांत जास्त, पण त्याने घोट्याला सूज येते. हृदय एकदा गमावलेल्या माणसाला पायावर सूज दिसली की त्या घरात रात्रभर कुणी झोपत नाही, म्हणून ती येऊ शकते हे आधी सांगून ठेवावं. सायक्लोस्पोरिनबरोबर दिलं तर हिरड्याही फुगतात. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या घराण्यातली औषधं चांगली, पण टॅक्रोलिमस आधीच पोटॅशियम चढवतं आणि हीही चढवतात. बीटा ब्लॉकर जपून, कारण तारा तुटलेलं हृदय चालताना रक्तातल्या अॅड्रेनलिनच्याच भरवशावर असतं. सर्वसाधारण बीपीसाठी हजारो रुग्णांवर जशा चाचण्या झाल्या, तशा या मूठभर लोकांवर होणं अवघड. इथली निवड बरीचशी अनुभवाने चालते. उद्दिष्ट मात्र साधारण सारखंच : १३०/८०च्या आसपास. ते गाठायचं ते मूत्रपिंडासाठी. हृदय बदललेल्या दर शंभरांत सुमारे अकरा जणांची मूत्रपिंडं पाच वर्षांत निकामी होण्याच्या वाटेला लागतात, हे २००३मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. उसनं हृदय ठणठणीत आणि माणूस डायलिसिसवर, असं होऊ शकतं.

पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण कमी बीपीवर आहे. वाढलेल्या बीपीच्या पुस्तकात ते कशाला, असं वाटेल. तात्यांशिवाय माझ्याकडे एक तरुण येत असे, हृदय बदलून दीड वर्ष झालेला. त्याचं बीपी दोन औषधांवर १४०च्या आसपास रेंगाळत होतं. एकदा ते ११८/७६ निघालं. मी शाबासकी दिली; तो हसला नाही. पुढच्या खेपेला १०४. बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर कळलं की दोन महिने तो आठाची गोळी एकच वेळ घेत होता. घरचे हप्ते थकले होते आणि अंगात काही त्रास नव्हता. बीपी उतरलं होतं ते औषध कमी झालं म्हणून, आणि नंतर हृदयच थकायला लागलं म्हणून. मुंबईत बायोप्सी झाली, रिजेक्शन निघालं, शिरेतून स्टेरॉइड द्यावी लागली. तो बचावला. परत आला तेव्हा बीपी १४६ होतं आणि तो आकडा बघून मला आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटलं. वरचा आकडा विनाकारण सुधारला तर पेढे वाटण्याआधी फोन करा, हे लेखिकेने ठळक टाइपात छापलं आहे. आणखी मोठ्या टाइपात छापलं असतं तरी चाललं असतं.

स्वयंपाकघर आणि मेडिकल दुकान यांवरच्या प्रकरणात आपल्या भागातल्या वस्तू आहेत, म्हणून ते उपयोगी. परदेशी पुस्तकांत द्राक्षफळ खाऊ नका असं असतं. ते साताऱ्यात कुणी पाहिलेलं नाही. पण त्याचं भावंड पपनस कोकणातून इकडे येतं आणि तेही त्याच एन्झाइमला अडवून लेव्हल वाढवतं. तात्यांच्या बहिणीने गणपतीत चिपळूणहून पपनस आणलं तेव्हा त्यांनी आधी मला फोन केला. मी नको म्हटलं. ते पपनस मीच खाल्लं. ‘लो सोडियम’ म्हणून विकतात त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. साध्या बीपीवाल्याला चालेल, यांना नाही. ज्येष्ठमध बीपी वाढवतं. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. ज्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे, त्याने ती वाढवणारा काढा प्यायचा म्हणजे आपल्याच घराला आतून सुरुंग लावायचा. गुडघा दुखला की डायक्लोफिनॅक घ्यायची सवय अर्ध्या महाराष्ट्राला आहे. तिने बीपीही चढतं आणि मूत्रपिंडावरही घाव बसतो. आणि दुकानदाराने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसऱ्या ब्रँडचं टॅक्रोलिमस दिलं तर घ्यायचं नाही असं नाही, पण डॉक्टरांना सांगायचं आणि लेव्हल तपासायची. तेवढीच गोळी वेगळ्या कंपनीची आली की रक्तातलं प्रमाण हलू शकतं. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. हे मी आजवर कितीदा सांगितलं असेल आणि लोक कितीदा गोळी घेऊन आले असतील, याची गणती नाही.

एका बाबतीत माझं लेखिकेशी जुळत नाही. बीपी रोज दोनदा, जन्मभर मोजा असं त्या म्हणतात. पहिल्या वर्षी मला ते मान्य आहे. औषध बदललं, ताप आला, जुलाब झाले, तेव्हाही मान्य. पण बीपी स्थिर झालेल्या माणसाने आठवड्यातून दोन-तीन दिवस, शांत बसून, उघड्या दंडावर मोजलं तर पुरे, असं माझं मत. दिवसातून सातदा पट्टा बांधून स्वतःचं बीपी स्वतः वाढवणारे मी पाहिले आहेत. लेखिका म्हणतात, आठवड्यातून तीनदा म्हटलं की लोक महिन्यातून तीनदा मोजतात. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा दांडगा आहे, म्हणून पुस्तकात त्यांचंच राहिलं आहे.

तात्यांची सध्या नववी वही चालू आहे. या प्रस्तावनेसाठी पहिली चाळत होतो, तेवढ्यात ते आले आणि वही परत मागू लागले. लिहून होईपर्यंत राहू द्या, म्हटलं. त्यांनी पिशवीतून चालू वही काढली, त्या दिवसाच्या शेऱ्यात ‘वही क्र. १ डॉक्टरांकडे’ असं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून उठले. साडेसात झाले होते आणि गोळी घरी होती.